पाटी लावली, फोटो काढला, झाली शाळा तंबाखूमुक्त

मागच्या आठवड्यात पुण्यात तळजाईच्या टेकडीवर फिरायला जाणाऱ्या आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये जोरदार जुंपली. निमित्त काय तर पेपरातली नेहमीचीच बातमी, इतक्या लाखांचा गुटखा पकडला, टेम्पो जप्त, दोघांना अटक. बँकेतून रिटायर झालेले एक काका म्हणाले, बघा, सरकार काम करतंय. ग्रुपमध्ये एक तरुण डेंटिस्ट आहे, ती म्हणाली काका, राज्यात गुटख्यावर बंदी २०१२ ला आलीये, अजून टेम्पो भरभरून माल सापडतोय म्हणजे बंदी फेल गेलीये. मग काय, अर्धे इकडे अर्धे तिकडे. कोणी म्हणे पाकिटावर एवढं मोठं सडक्या तोंडाचं चित्र जगात कुठे नाही (आहे, नेपाळमध्ये आपल्याहून मोठं आहे, पण ते असो), कोणी म्हणे माझा मेहुणा ते चित्र बघत बघतच ओढतो. चहा थंड झाला आणि निकाल काही लागला नाही.

घरी येताना माझ्या डोक्यात एकच, की एकाच टेम्पोवरून एकाला यश दिसतं आणि दुसरीला अपयश, आणि दोघंही शिकलेसवरलेले, दोघंही मनापासून बोलतायत, तर हे होतं कसं? मला वाटतं याचं कारण सरळ आहे. तंबाखू रोखायचं काम किती जोरात चाललंय हे मोजायची फूटपट्टीच आपण कधी नीट बनवली नाही. एक बाजू फक्त कागद मोजते, कायदा आहे, दंड आहे, पाटी आहे, झालं. दुसरी बाजू फक्त शेवटचा निकाल मोजते, लोक खातात ना अजून, मग सगळं फोल. माझं म्हणणं असं की मधलं जे आहे, म्हणजे कायदा राबवायला माणूस आहे का, त्याच्याकडे पैसा आहे का, तो रस्त्यावर उतरतो का, हे वेगळं मोजलं पाहिजे, दरवर्षी मोजलं पाहिजे, जिल्ह्याजिल्ह्याचं मोजलं पाहिजे आणि मोजणारा बाहेरचा पाहिजे. नाहीतर हा वाद आपण पुढची पन्नास वर्षं घालू.

कागद मोजला की काय होतं हे मी दुरून बोलत नाहीये. मी शिक्षिका होते आणि शेवटची काही वर्षं पुण्यातल्याच एका शाळेत काढली, नाव सांगत नाही कारण ती काही एकटी नव्हती. केंद्र सरकारने २०१९ मध्ये तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांसाठी सुधारित सूचना काढल्या, त्यात नऊ निकष आहेत. आवारात पाटी लावा, गेटवर पाटी लावा, दुष्परिणामांची पोस्टर लावा, सहा महिन्यांत एक तरी कार्यक्रम घ्या, मॉनिटर नेमा, शाळेच्या नियमावलीत तंबाखूचा उल्लेख करा, शंभर यार्डांची हद्द आखा. झाले सात. उरलेले दोन म्हणजे आवारात थोटकं, पिचकाऱ्या असला काही पुरावा दिसता कामा नये आणि शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणारं दुकान नसावं. आता तुम्हीच मोजा, नवातले सात शाळेने स्वतः एका दुपारी करून टाकायचे आणि फक्त दोन असे की ज्यात खरंच काहीतरी बदलावं लागतं. आम्ही काय केलं? रंगाचा डबा आणला, शिपायाने गेटपासून पिवळा पट्टा ओढला, पोरांना फलक धरून उभं केलं, फोटो काढले, मीच काढले, आणि फोटोत कोपऱ्यावरची टपरी येऊ नये म्हणून मीच दोन पावलं डावीकडे सरकले. शाळा तंबाखूमुक्त. टपरी तिथेच.

आता कोणी म्हणेल की मग बाई सगळं ढोंगच की हो. नाही, इथे मी थांबवते. पाटीचा उपयोग असतो. पाटी लागल्यावर एका पालकाने गेटवर मळत असताना पोरीनेच हटकलं, बाबा इथे नाही, आणि त्याने निमूट पुडी खिशात टाकली, हे मी डोळ्याने पाहिलंय. त्यामुळे पाटीला मार्क द्याच, फक्त पाटीला आणि टपरी हटवण्याला सारखेच मार्क देऊ नका आणि मार्क देणारा मुख्याध्यापक स्वतःच नको. परीक्षेला बसणारा, पेपर काढणारा आणि तपासणारा तोच असेल तर दहावीला सगळा महाराष्ट्र पहिला येईल.

आता डेंटिस्ट मुलीच्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा घेते, कारण तो सोपा नाहीये. ती म्हणते प्रयत्न कशाला मोजायचे, निकाल मोजा. किती लोक खातात, किती ओढतात, किती कॅन्सर, बास. प्रयत्नांना मार्क देणं म्हणजे सरकारने सरकारची पाठ थोपटणं. बरोबर वाटतं ऐकायला. पण निकाल येतो कधी? आपल्याकडे मोठ्या माणसांच्या तंबाखूचं जे जागतिक पद्धतीचं सर्वेक्षण आहे, गॅट्स, ते पहिल्यांदा झालं २००९-१० मध्ये आणि दुसऱ्यांदा २०१६-१७ मध्ये. मध्ये सात वर्षं. सात वर्षांत जिल्ह्यात किती कलेक्टर बदलतात? ज्याने काम केलं तो कुठे आणि निकाल कोणाच्या नावावर? कॅन्सरचं तर विचारूच नका, आज पंधराव्या वर्षी पुडी तोंडात धरलेल्या पोराचा हिशोब वीस-तीस वर्षांनी येतो. आपल्याच पुणे जिल्ह्यात डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून १,०१,७६१ लोकांची तोंडं तपासली, तो अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडातले पांढरे चट्टे, तंबाखू, सगळं तेव्हाच मांडलेलं होतं. निकाल बघून शहाणं व्हायचं असतं तर आपण तेव्हाच नसतो का झालो?

आणि निकाल हातात आला तरी त्यातून काय कळतं बघा. महाराष्ट्रात तंबाखूचं कुठलंही रूप वापरणारे मोठे लोक पहिल्या सर्वेक्षणात ३१.४ टक्के होते, दुसऱ्यात २६.६ टक्के. जवळजवळ पाच टक्क्यांनी उतरले, म्हणजे लाखो माणसं, ही काही छोटी गोष्ट नाही (आमच्या ग्रुपमधल्या ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्यांना हा आकडा माहीतच नव्हता). पण कशामुळे उतरले? गुटखाबंदीमुळे? पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्र आलं त्यामुळे, पण ते तर एप्रिल २०१६ ला आलं, सर्वेक्षणाच्या तोंडावर? किंमत वाढल्यामुळे? शाळांमधल्या कामामुळे? कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण त्या सात वर्षांत कुठल्या जिल्ह्यात किती जोर लावला गेला याची वहीच कोणी ठेवली नाही. औषध काय दिलं ते लिहिलंच नाही आणि पेशंट बरा झाला, आता पुढच्या पेशंटला काय देणार?

अमेरिकेत हा प्रश्न नेमका असाच पडला होता. तिथल्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने आणि अमेरिकन कॅन्सर सोसायटीने १९९१ ते १९९९ या काळात १७ राज्यांत असिस्ट नावाचा मोठा कार्यक्रम चालवला. जोर कशावर, तर एकेका माणसाला धरून सिगरेट सोडवण्याऐवजी कायदे, कर, जाहिराती, सार्वजनिक जागा हे बदलण्यावर. मग प्रश्न आला की याचा उपयोग झाला हे ठरवायचं कसं, कारण बाकीची राज्यंही काही हातावर हात ठेवून बसली नव्हती, कॅलिफोर्नियाने तर १९८८ मध्येच मतदान घेऊन पाकिटामागे २५ सेंट कर वाढवून स्वतःचा कार्यक्रम उभा केला होता. तेव्हा त्यांनी एक निर्देशांक बनवला, स्ट्रेंथ ऑफ टोबॅको कंट्रोल, म्हणजे तंबाखू नियंत्रणाचा जोर. त्यात तीन गोष्टी धरल्या, पैसा किती, काम पेलायची कुवत किती म्हणजे माणसं, अनुभव, संस्थांचं जाळं, आणि प्रत्यक्ष खटपट किती. कायदे काय झाले, किंमत किती वाढली हे वेगळ्या खात्यात ठेवलं, आणि लोक किती ओढतात हे आणखी वेगळ्या. २००३ मध्ये निष्कर्ष आले. कार्यक्रमाच्या राज्यांत ओढणारे थोडे जास्त कमी झाले, फरक लहान होता पण खरा होता, आणि ज्या राज्यांची धोरणं जास्त सुधारली तिथे माणशी सिगरेटचा खप जास्त उतरला. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटलं तर ‘कुवत’ हा शब्द. तो मोजता येतो असं आपल्याकडे कोणाला वाटतच नाही. आपण योजना मोजतो, निधी मंजूर झाला हे मोजतो, तो निधी खर्च करायला जागेवर माणूस बसलाय का हे कोणी विचारत नाही.

प्रयत्न मोजणं ही काही परक्यांची थेरं नाहीत, आपण स्वतः हे करून दाखवलंय, आणि तेही जगाने तोंडात बोट घालावं असं. पोलिओ आठवा. पोलिओची शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची. पण ती शेवटची होती हे आपल्याला कळलं कसं? केस नाही सापडली म्हणजे रोग गेला असं आपण मानलं नाही. पंधरा वर्षांखालचं कुठलंही मूल ज्याचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला त्याची नोंद करायची, शौचाचा नमुना तपासायचा असा दंडक होता, आणि पोलिओ नसतानाही वेगवेगळ्या कारणांनी एक लाख मुलांमागे वर्षाला एखादं तरी असं मूल सापडायलाच हवं असा हिशोब होता. म्हणजे एखाद्या जिल्ह्याने शून्य कळवलं तर शाबासकी मिळायची नाही, उलट विचारलं जायचं, तुम्ही शोधताय तरी का? शोधण्याची मेहनतच मोजली गेली. आता हाच नियम चलनांना लावा. कोटपा, म्हणजे केंद्राच्या तंबाखू नियंत्रण कायद्याखाली सार्वजनिक ठिकाणी ओढल्याबद्दल २०० रुपये दंड आहे, २ ऑक्टोबर २००८ पासून नियम कडक झाले. एखाद्या पोलीस ठाण्याने वर्षभरात चार पावत्या फाडल्या तर काय समजायचं, त्या भागात कोणी ओढत नाही की कोणी बघत नाही? नुसत्या पावत्यांवरून कळणारच नाही. त्यासाठी कोणीतरी तिऱ्हाईताने स्वारगेटच्या स्टँडवर तासभर उभं राहून किती जणांनी ओढली आणि किती जणांना हटकलं हे टिपलं पाहिजे. जप्त टेम्पोचंही तेच. दहा टेम्पो पकडले हे शंभरातले दहा की अकरातले दहा हे माहीत नसेल तर काका आणि डेंटिस्ट दोघंही हवेत गोळ्या मारतायत.

बरं, एक मोठा आक्षेप मी स्वतःच काढते. मार्क देणाऱ्या जागतिक पद्धती आहेतच की, मग त्यांनी काय दिवे लावले? युरोपात २००६ मध्ये योसेन्स आणि रॉ या दोघांनी १०० गुणांची टोबॅको कंट्रोल स्केल मांडली. किमतीला ३०, धूरमुक्त जागांना २२, जनजागृतीच्या खर्चाला १५, जाहिरातबंदीला १३, पाकिटावरच्या इशाऱ्याला १०, सोडायला मदत करण्याला १०. जागतिक आरोग्य संघटनेची एमपॉवर ही तंबाखू रोखण्याची सहा कलमी चौकट २००८ पासून आहे. आणि या सहाही कलमांत वरचा दर्जा मिळवणारा जगातला पहिला देश होता तुर्कस्तान. तिथे २००८ मध्ये ३१.२ टक्के मोठी माणसं ओढत होती, २०१२ मध्ये २७.१ वर आली, टाळ्या झाल्या, आणि २०१६ मध्ये आकडा परत ३१.६. पैकीच्या पैकी मार्क आणि आकडा जिथल्या तिथे! भूतानने तर २००४ मध्ये विक्रीवरच बंदी घातली, कागदावर याहून कडक काय असणार, पण सीमेवरून चोरून माल येत राहिला आणि कोविडच्या काळात त्यांना बंदी सैल करावी लागली. आपलंच बघा ना, मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि आजही महाराष्ट्रात दारू प्यायला नियमाने परवाना लागतो. जगातल्या कुणा परीक्षकाला नुसतं आपलं कायद्याचं पुस्तक दिलं तर तो म्हणेल केवढं हे सोवळं राज्य!

मी हा आक्षेप पूर्ण मान्य करते. पण त्यातून मोजू नका असं निघतं का? तुर्कस्तानात काय झालं हे कळलं ते मोजल्यामुळेच ना, आणि तेही कायदा एका खात्यात आणि ओढणाऱ्यांचा आकडा दुसऱ्या खात्यात ठेवल्यामुळे. कायदा वर, आकडाही वर, म्हणजे मधलं काहीतरी ढिलं पडलंय हे लगेच दिसलं. थर्मामीटरने ताप दाखवला म्हणून थर्मामीटर फोडायचा नसतो.

खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल मराठीत फार कमी बोललं जातं. या सगळ्या पट्ट्या मुळात सिगरेटसाठी कापलेल्या आहेत. युरोपच्या स्केलमध्ये धूरमुक्त जागांना २२ मार्क, ठीक आहे त्यांचं, त्यांच्याकडे धूरच मुख्य. आपल्याकडे? गॅट्सच्या दुसऱ्या फेरीत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के आणि चघळणारे, मळणारे, घासणारे २४.४ टक्के. सहापटीहून जास्त! म्हणजे उद्या पुण्यातलं प्रत्येक हॉटेल, प्रत्येक ऑफिस, सगळं हिंजवडी धूरमुक्त झालं, मार्क पडले, सत्कार झाला, तरी मार्केट यार्डातल्या हमालाच्या गालातली पुडी जागच्या जागी, आणि भोर-वेल्ह्याकडे सकाळी उठून मिश्री, म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू, लावणाऱ्या आजीला तर आपण तंबाखू खातो हेच मुळात मान्य नसतं, ती म्हणते दात घासते मी. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण जणू यासाठीच केली असावी. मिश्रीला ना धूर ना पिचकारी, ना टपरी ना टेम्पो, ती घरच्या तव्यावर भाजली जाते. तिच्यासाठी कुठली पाटी लावणार? तिथे मोजायला हवं ते हे, की गावातल्या आशाताई, अंगणवाडीच्या ताई गरोदर बाईला मिश्रीबद्दल विचारतात का, विचारल्यावर पुढे काय सांगायचं हे त्यांना कोणी शिकवलंय का, सोडायची म्हणली तर पाठवायचं कुठे. ही झाली आपली कुवत, आणि हिला कुठल्याही आयात केलेल्या पट्टीत खणच नाही.

अजून एक भीती आहे आणि ती रास्त आहे. आकडा मागितला की माणसं आकडा आणून देतात, काम नाही. आणीबाणीतली नसबंदी कोण विसरेल? १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या, शिक्षकांना टार्गेट, तलाठ्याला टार्गेट. आपल्या राज्याच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकसुद्धा मंजूर केलं होतं, ते पुढे कायदा झालं नाही हे नशीब. त्या वेळी माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, केस आणल्याशिवाय पगार नाही असं त्यांना सांगितलं होतं, ते त्या विषयावर शेवटपर्यंत मोकळं बोलले नाहीत. पुढे वीस वर्षांनी, १९९६ मध्ये, सरकारने कुटुंब नियोजनातली टार्गेटं काढून टाकली. तेव्हा उद्या प्रत्येक ठाण्याला महिन्याला पन्नास चलनं असा फतवा निघाला तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. पन्नास चलनं होतील, सगळी चौकातल्या रिक्षावाल्यांची आणि बांधकामावरच्या मजुरांची, कुठल्याच बड्या पबमधल्या टेबलाला धक्का लागणार नाही.

म्हणूनच काय मोजायचं याइतकंच कसं मोजायचं यावर भांडलं पाहिजे. अमेरिकेत १९९२ च्या सायनार दुरुस्तीने एक छान युक्ती केली. किती दंड केला असं राज्यांना विचारलंच नाही. त्यांना सांगितलं की अचानक तपासण्या करा, अल्पवयीन मुलाला दुकानात पाठवा आणि तो सिगरेट मागेल तेव्हा दुकानदार देतो का ते नोंदवा. शेकडा वीसहून जास्त दुकानांनी दिली तर व्यसनमुक्तीसाठी मिळणाऱ्या केंद्राच्या अनुदानाला कात्री. १९९७ मध्ये देशाची सरासरी ४० टक्के होती, दहाएक वर्षांत ती १० च्या आसपास आली. त्यातही पळवाटा निघाल्या, पोरं मोठ्या मित्राकडून घ्यायला लागली, सगळं गोड नव्हतं. पण बघा यात मोजलं काय, तर रस्त्यावरची खरी स्थिती. पुण्यात हे केलं तर? कोपऱ्यावरच्या टपरीवर पंधरा वर्षांच्या पोराला पाठवा, पालकांच्या परवानगीने, सोबत मोठं माणूस लांब उभं. किती जण वय विचारतील? मला अंदाज आहे, तुम्हालाही आहे.

आपल्याकडेही बाहेरून तपासणी झाली की काय होतं याचा अनुभव आहे. २०००-०१ मध्ये सुरू झालेलं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. समिती यायची, गावात फिरायची, मार्क द्यायची. हो, समिती येणार म्हणून आदल्या रात्री झाडलेली गावंही होती, मी नाकारत नाही. पण कित्येक गावांत बायकांना पहिल्यांदा कळलं की गटार ही तक्रार करायची गोष्ट आहे, नुसती सोसायची नाही. शेजारच्या गावाला बक्षीस मिळालं याची जळजळ ही काही वाईट ताकद नसते.

आता टपरीवाल्याबद्दल, कारण गरिबाच्या पोटावर पाय हा मुद्दा आला की पुण्यातले बरेच जण गप्प होतात. आमच्या चौकातल्या टपरीवाल्याशी मी परवा बोलले. २०२० च्या सप्टेंबरात महाराष्ट्राने सुटी सिगरेट-बिडी विकायला बंदी केली, कारण साधं होतं, सुटी घेणाऱ्याला पाकिटावरचं चित्र दिसतच नाही आणि कॉलेजच्या पोराला अख्खं पाकीट परवडत नाही. त्याला विचारलं, माहितीये का बंदी? तो हसला. "ताई, पाकीट घेणारे दिवसाला दोन-चार, बाकी सगळं सुटंच. दोरीला लायटर कशाला बांधलाय मग?" त्याला कोणी कधी दंड केला नाही, कोणी समजावलं नाही, दुसरं काय विकता येईल हे कोणी सुचवलं नाही. देशातला एक चांगला विचार करून काढलेला नियम आणि त्याची अंमलबजावणी शून्य. कागदावर याचे मार्क आपण घेतलेत की नाही? घेतलेत.

आणि गरिबाचा कळवळा खरा असेल तर बिडीचं काय ते बोला. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी कौन्सिलने बाकी तंबाखूला ४० टक्क्यांच्या वरच्या पायरीवर न्यायचं ठरवलं आणि बिडीचा दर २८ वरून १८ वर. बिडी वळणाऱ्या बायकांची मजुरी, सोलापूर-सिन्नरकडची घरं, हा मुद्दा खोटा नाही, हजार बिड्यांवर मिळतं काय तर चणेफुटाणे. पण दर उतरवल्याने त्या बाईची मजुरी वाढते का, की बिडी ओढणाऱ्या तिच्याच नवऱ्याला ती स्वस्त राहते? जागतिक आरोग्य संघटना म्हणते किरकोळ किमतीत कराचा वाटा निदान ७५ टक्के हवा. जोर मोजायची वही असती तर त्या महिन्यात ‘कर’ या रकान्यात बिडीपुढे लाल शेरा पडला असता आणि कोणाला तरी उत्तर द्यावं लागलं असतं. आता काय झालं, बातमी आली, गेली. याच रकान्याच्या खाली मी अजून एक रकाना ठेवला असता, समोरच्याचा जोर किती. सरकारी विमा कंपनीकडे सिगरेट कंपनीचे शेअर असतात, पडद्यावरचे हिरो इलायचीच्या डब्या दाखवून भलत्याच ब्रँडचं नाव आपल्या पोरांच्या तोंडी बसवतात. असिस्टच्या काळात अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्यांनी माहितीच्या कायद्याखाली अर्ज टाकटाकून आरोग्य खात्यांची माणसं कागदं शोधण्यात गुंतवली होती. कुस्ती मोजायची तर दोन्ही पैलवानांची वजनं घ्यावी लागतात, एकाला काट्यावर चढवून काय कळणार?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा काकांनी अंगठा दाखवला आणि डेंटिस्ट मुलीने एकच प्रश्न टाकला, मॅडम मग तुमच्या शाळेला आज किती मार्क? मी संध्याकाळी गेले. पिवळा पट्टा पुसट झालाय, नव्या डांबराखाली अर्धा गेलाय. गेटपासून टपरीपर्यंत मी चालत मोजलं, साठ पावलं भरली, शंभर यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर, माझं पाऊल काही दीड मीटरचं नाही. लायटर दोरीला आहे. आतली पाटी मात्र चकचकीत, नवीन केलेली दिसते. भिंतीच्या कोपऱ्यात पिचकाऱ्या होत्या, त्या माझ्या वेळी नव्हत्या, किंवा असतील आणि मी फोटो दुसऱ्या बाजूने काढला असेल. मी त्यांना नवापैकी साडेपाच दिले आणि तसं ग्रुपवर टाकलं. अर्धा कशाला, असं काकांनी विचारलंय, पट्ट्याचा, म्हणाले मी.